कंपनीच्या जहाजाचा नारळ

माझा मामा चिंचणीचा तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य माणूस. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं आणि कधी गुमान घराकडे वळायचं, हे तो ठरवतो. मामाने जन्मभर हेच केलं, त्यामुळे त्याला घरातही कुणी उलट बोललेलं खपत नसे. मी मात्र लहानपणापासून त्याला उलटच बोलत आले आणि तरी त्याची सगळ्यात लाडकी भाची राहिले. हे त्याचं गणित मला कधी उलगडलं नाही, पण त्याचा फायदा मी भरपूर घेतला.

त्या वर्षांत मी डहाणू रोड स्टेशनजवळ एका शेअर ब्रोकरकडे नोकरीला होते. ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली. त्यात दोन कॉम्प्युटर, भिंतीवर दिवसभर बडबडणारा टीव्ही, एक घरघरणारा एसी आणि आमचे शेठ. शेठ गुजराती, स्वभावाने भिडस्त. गिऱ्हाइकांना चहा पाजण्यात त्यांची निम्मी कमाई जायची. गिऱ्हाइकंही अशी की चहाला येत आणि जाता जाता शेअर घेत. निवृत्त मास्तर, चिकूच्या वाड्यांचे मालक, तारापूरच्या कारखान्यांतून सुटलेले कामगार, एखादी ब्युटी पार्लरवाली. सगळी नेकीची माणसं. सट्टा खेळायचा कुणाचाच इरादा नसायचा. बँकेपेक्षा थोडं जास्त मिळावं, एवढीच इच्छा.

२०१५ साली मामाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्याने बोटीतली आपली भागी पुतण्यांना देऊन टाकली आणि आलेल्या पैशांतले थोडे गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बँकेत ठेवून उरलेल्यांचं काय करायचं ते विचारायला तो थेट माझ्या ऑफिसात आला. एका हातात बँकेचं पासबुक, दुसऱ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी. एसी चालू, खिडक्या बंद आणि शेठ शुद्ध शाकाहारी. नाकाला रुमाल लावायचं त्यांना धाडस झालं नाही, नुसती खुर्ची मागे सरकवून बसले बिचारे.

"मामा, ती पिशवी बाहेर ठेव," मी म्हटलं.

"बाहेर कुत्रा नेईल गो बाय. आत ठेवली तर तुझा शेठ नेईल, तो परवडला."

शेठ हसले आणि त्यांनी चहा सांगितला. तेव्हापासून मामा आमच्या ऑफिसचा झाला.

शेअर म्हणजे काय ते मामाला समजावून सांगायची वेळच आली नाही, उलट तोच मला समजवायला लागला. बोट किनाऱ्याला लागली की मासळी विकायची, डिझेल-बर्फाचा खर्च काढायचा आणि उरेल त्याचे वाटे पाडायचे. बोटीचा, जाळ्यांचा, खलाशांचे आणि तांडेलचा. मासळी मिळाली नाही तर कुणालाच वाटा नाही आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. "तुमचं पण तेच ना?" तो म्हणाला. "कंपनी म्हणजे बोट, आम्ही वाटेकरी." मी हो म्हटलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. शेअर बाजाराच्या परीक्षेसाठी मी जी पुस्तकं वाचली होती त्यांत हेच जरा अवघड शब्दांत लिहिलं होतं.

मी त्याला साबण बनवणारी, रंग बनवणारी अशा दोन-तीन जुन्या, कंटाळवाण्या कंपन्या सुचवल्या. त्याने तोंड वाकडं केलं. साबणात कसली मजा, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात डहाणूतल्या एका हॉलमध्ये एका कंपनीची सभा झाली. टाय लावलेला एक माणूस आला होता. कंपनी इथलीच, शेअर बाजारात तिची नोंद होती, पण तिची उपकंपनी परदेशात होती आणि त्या उपकंपनीची मालवाहू जहाजं देशोदेशी फिरत होती, असं त्याने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. शिवाय परदेशातले मोठमोठे गुंतवणूकदार हा शेअर धडाधड घेताहेत, हेही सांगितलं. नंतर पुरी-श्रीखंडाचं जेवण झालं आणि निघताना प्रत्येकाला जहाजाचं कॅलेंडर मिळालं.

जहाज म्हटल्यावर मामा संपलाच. ते कॅलेंडर त्याने घरी देवांच्या शेजारी टांगलं आणि मला बोलावून दाखवलं. निळ्या पाण्यात उभं असलेलं भलंमोठं जहाज. खालचं लाल रंगाचं पोट पाण्याच्या बरंच वर आलेलं.

"रिकामं आहे बघ," मामा म्हणाला. "भरलेलं असतं तर एवढं वर नसतं आलं."

"मग?"

"मग काय! माल पोचवून आलंय. म्हणजे धंदा चालू आहे."

मी अजूनही कधीकधी त्या क्षणाचा विचार करते. त्याने बघितलं होतं अगदी बरोबर. पण एकदा जहाजावर जीव जडल्यावर माणूस त्याच्या बाजूनेच विचार करणार. लग्न ठरलेल्या मुलाचं तोतरेपण जसं सासूला लाजणं वाटतं, तसंच ते होतं.

मी मामाला नको म्हटलं. कंपनी नवी आहे, बाहेरचे हिशेब आपल्याला दिसत नाहीत, असं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर घेतले.

नारळी पौर्णिमेला चिंचणीत सगळे दर्याला नारळ देतात. त्या वर्षी मामाने दोन नारळ आणले. एक पुतण्यांच्या बोटीचा. दुसरा कुणाचा, असं मामीने विचारलं. "कंपनीच्या जहाजाचा," मामा म्हणाला. मामी माझ्या मामाहून जास्त हुशार आणि जास्त तिखट. बोटीच्या नारळाला कुंकू लावून तिने करंडा बंद केला.

"आणि ह्याला?"

"ज्याचं पाणी आपण बघितलं नाही त्याला कसलं कुंकू? तूच लाव."

मामाने स्वतःच लावलं, तेही वाकडं. मी हसून हसून पडायची बाकी होते.

आता मामाच्या खलाशाबद्दल सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावरच्या बोटींवर डोंगरपट्ट्यातले खूप आदिवासी खलाशी असतात. पावसाळ्यात घरी भात-नाचणी करायची आणि पाऊस सरला की बोटीवर जायचं, असं त्यांचं वर्ष. मामाचा हा खलाशी तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. मिसरूड फुटायच्या वयात आला तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं. मामाने त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला शिकवलं. नंतर तो मामाच्या बोटीवर राहिला तो मामा उतरेपर्यंत. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. एकाने विडी काढली की दुसरा काडी पुढे करायचा, एवढंच. वाट्याचे पैसेही तो मामाकडेच ठेवायचा आणि घरी जाताना मागून घ्यायचा.

एकदा भर वाऱ्यात त्यांच्या बोटीत पाणी शिरलं होतं. दुसरी बोट जवळ आली, तेव्हा मामाने एकेका खलाशाला तिच्यावर चढवलं आणि सगळे चढल्यावर शेवटी स्वतः चढला. मामा ही गोष्ट कधी सांगत नसे. तांडेल शेवटी उतरतो, त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटायचं. मला ती सांगितली खलाशाने, आणि तीही प्रत्येक भेटीत.

२०१६ मध्ये खलाशाच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला आणि त्याचे पैसे त्याच्या खात्यात जमा झाले. त्याला विहीर खोदायची होती. डोंगरावर पाऊस धो धो पडतो आणि होळीनंतर घोटभर पाण्यासाठी बायका उतरणीवर जातात. विहीर झाली की मोगरा लावायचा, कळ्या मुंबईला पाठवायच्या आणि म्हातारपणी बोटीवर जायचं बंद करायचं, असा त्याचा बेत. पण जिथे पाणी लागेल ती जागा भावांच्या सामाईकीतली आणि भावांचं एकमत होईना. तोवर पैसे कुठे ठेवायचे म्हणून तो माझ्याकडे आला.

"बँकेत ठेव," मी म्हटलं.

"बँकेत पैसं हायेत कळलं का पाहुणं वाढतात. तांडेलचं जिथं, तिथंच माझं ठेव."

मामानेही त्याला थांबवायचा प्रयत्न केला. विहिरीचे पैसे आहेत, त्यांना हात लावू नको म्हणाला. खलाशी नुसता हसला. जन्मभर तांडेल म्हणेल तिथे जाळं टाकलं, आता वेगळीकडे कशाला टाकायचं, असा त्याचा सरळ हिशेब. शेवटी त्याचं खातं मीच उघडलं. फोटो काढताना त्याने मामाचा शर्ट घातला होता.

पुढचं वर्षभर तो शेअर चढत राहिला आणि मामा असह्य झाला. ऑफिसात येऊन मास्तरांना, पार्लरवालीला सल्ले द्यायला लागला. मला म्हणायचा, "साबण काय म्हणतोय तुझा?" मी त्याच्यापुढे चहाचा कप आदळायचे. दुसऱ्या नारळी पौर्णिमेलाही दोन नारळ आले. मामीचा करंडा पुन्हा एकावरच बंद झाला.

२०१७ चा पावसाळा संपत आला होता तेव्हा एक छोटी बातमी आली. कंपनीचे हिशेब तपासणाऱ्याने काम सोडलं होतं. परदेशी उपकंपनीची कागदपत्रं मागूनही मिळत नाहीत, असं त्याचं कारण. टीव्हीवर ती पट्टी सरकून गेली आणि मी लगेच स्क्रीनवर भाव बघितला. भाव तेव्हा थोडासाच घसरला होता. मी मामाला फोन केला आणि आजच्या आज विकू या म्हणून सांगितलं. अर्ध्या तासात तो रिक्षाने ऑफिसात हजर झाला.

"दोघांचे वीक," तो म्हणाला.

"तुझे आत्ता विकते. त्याचे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय मला विकता येत नाहीत. नियम आहे."

खलाशाचा फोन लागेना. विहिरीचं काम रखडलेलं म्हणून तो एका गुजराती मालकाच्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला होता आणि बोट दर्यात होती. पाड्यावर निरोप पाठवला, त्याच्या बायकोलाही बंदराचं नाव नीट सांगता येईना. मी मामाला म्हटलं, निदान तुझे तरी सुटू देत. भाव आणखी उतरतोय, ते समोर दिसतंय.

मामा स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "त्याला दर्यात ठेवून मी कसा उतरू?"

"मामा, ही बोट नाहीये!"

"वाटेकरी आहोत ना? तूच हो म्हणाली होतीस."

मी भडकले. अख्ख्या ऑफिससमोर त्याला वेडा म्हटलं, हट्टी म्हटलं. शेठ मध्ये पडले, "बेन, शांती राखो," म्हणाले. मामा उठला आणि एसटी स्टँडवर जाऊन उंबरगावची गाडी बघायला लागला, तिथून पुढे गुजरातची बंदरं पालथी घालायला. त्या गुडघ्यांनी तो दोन बंदरं फिरून आला. खलाशी काही सापडला नाही.

तो परतला तोवर सगळं आटोपलं होतं. शेअरला रोज लोअर सर्किट लागत होतं. म्हणजे बाजार उघडायचा तोच खालच्या ठरलेल्या भावावर, विकायला सगळे रांगेत आणि घेणारा कुणी नाही. मग बाजाराने त्याचे व्यवहारच बंद केले. हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. परदेशातली ती कंपनी म्हणजे एक पत्ता होता, त्याच पत्त्यावर आणखी पुष्कळ कंपन्या राहत होत्या. जहाजं फक्त कागदावर होती. एखादं खरंच होतं ते कधीच भंगारात निघालं होतं. इथल्या लोकांचे पैसे जहाजं घ्यायला म्हणून बाहेर जायचे आणि बाहेर मालकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या खिशात पडायचे. धडाधड शेअर घेणारे ते मोठे परदेशी गुंतवणूकदारही मालकच होते, वेगळ्या नावाची पाटी लावून आलेले. भाव त्यांनीच चढवला आणि आपला माल आमच्या मास्तरांच्या, पार्लरवालीच्या गळ्यात मारून निघून गेले.

त्या दिवसांत ऑफिसात यायला मला भीती वाटायची. लोक यायचे आणि शांत बसायचे. कुणी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. मास्तर रोज एकच प्रश्न विचारायचे, काही बातमी? शेठ चहा सांगायचे. इतक्या लांब, नकाशावर शोधावं लागेल अशा बेटावर कुणीतरी एक पाटी लावतो आणि डहाणूतल्या बाईच्या पार्लरचं शटर खाली येतं, याचा मला अजून राग येतो. येतो म्हणजे, आत्ता लिहितानाही येतो.

मामाने जहाजाचं कॅलेंडर उतरवलं. तलासरीला जायचं मात्र तो टाळत राहिला. खलाशी परत आल्यावर फोनवर त्याने नुसतं "अडकलेत जरा" एवढंच सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीखही तो पुढे ढकलत होता. जन्मभर वादळात गेलेला माणूस, पण एका माणसासमोर जायचं म्हटलं की त्याला नेमकं काहीतरी काम निघायचं. मला त्याची दया येत होती आणि माझी दया बहुतेक रागाच्या तोंडानेच बाहेर पडते. २०१८ च्या होळीनंतर मी रिक्षा ठरवली आणि त्याला सांगितलं, बस.

पाड्यावर पोचलो तेव्हा खलाशी अंगणात टोपली विणत होता. आम्हाला बघून त्याने बाज सावलीत ओढली, पाणी दिलं. त्याच्या बायकोने मामाने आणलेली बोंबलांची पिशवी हातात घेऊन वास घेतला आणि खूश होऊन आत गेली. मामाने तांब्या खाली ठेवला. मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. जहाजं नव्हतीच. पैसे गेले, परत येणार नाहीत. असं म्हणून त्याने शर्टाच्या आतून एक पाकीट काढून खलाशासमोर ठेवलं.

"हे काय?"

"तुझा वाटा."

ते पैसे कुठले ते मला तत्काळ कळलं. गुडघ्यांच्या ऑपरेशनचे होते ते. मामीला पत्ता नसणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात खलाशीच बोलला.

"मासळी मिळाली का?"

"नाय मिळाली."

"मग वाटा कसला?"

"माझ्या शब्दावर टाकलेस तू पैसे."

"तो टायवाला पण तेवढंच बुडाला का?"

मामाने मान हलवली. "तो बोटीवर नव्हताच रे. तो किनाऱ्यावर बसलेला. मला कळलंच नाय. मला वाटलं, मालक पण आपल्यासोबत आहे."

खलाशाने टोपलीत आणखी एक काडी ओवली. मग त्याने विचारलं, "आन् तू? तू येळेवर उतरलास का?"

स्वतःच्या तोंडाने मामा हे मेला तरी सांगणार नव्हता. मला राहवेना. मी म्हटलं, "कसला उतरतोय! मी ओरडून सांगत होते, वीक, आत्ता वीक. तुझा पत्ता लागेना म्हणून नाही विकले त्याने. तुला दर्यात ठेवून उतरणार नाही म्हणाला. तुला शोधायला बंदरं फिरला. गेले सगळे त्याचेही."

खलाशाने मामाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, मामाच्या आलं आणि माझ्याही.

"मंग झालं," तो म्हणाला. "तू बोटीवरच व्हतास."

त्याने ते पाकीट उचललं आणि परत मामाच्या शर्टात कोंबलं. मामा हात धरायला लागला तसा त्याने दम दिला. मामाला कुणी दम दिलेला मी पहिल्यांदाच बघत होते. "पाय नीट करून घे आधी," तो म्हणाला. "भाऊ तयार झालेत. विहिरीला पैसं नाय, हातानंच खणणार. वरनं दोर ओढाया माणूस लागंल, आन् तुझ्यासारखा दोर ओढणारा माझ्या पाड्यावर कोण नाय."

परतीच्या वाटेवर, चारोटीच्या पुढे आल्यावर मामा म्हणाला, "ऑपरेशनची तारीख घे."

२०१९ च्या उन्हाळ्यात तो नव्या गुडघ्यांनिशी तलासरीला जाऊन राहिला. डॉक्टरने वजन उचलायला मनाई केली होती, म्हणून तो काठावर खुर्ची टाकून बसायचा आणि दोर खलाशाच्या दोन पुतण्यांकडून ओढून घ्यायचा. जाळं ओढताना देतात तशाच हाका द्यायचा आणि चुकलं की शिव्याही. पाड्यावरची पोरं ऐकायला जमायची. हातात पैसे असते तर खडक लवकर फुटला असता, विहीर आणखी खोल गेली असती, मोगरा दोन वर्षं आधी लागला असता. ते नुकसान झालं ते झालंच, त्याला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण पाणी लागलं. जेमतेम कमरेएवढं, तरी लागलं. मामी ते बघायला आली आणि ओंजळभर पिऊन म्हणाली, जरा मातकट आहे.

त्या नारळी पौर्णिमेला मी चिंचणीला गेले तर ओट्यावर पुन्हा दोन नारळ. माझ्या कपाळावर आठी चढली.

"दुसरा कुणाचा रे?"

"तलासरीला न्यायचाय," मामा म्हणाला. "विहिरीला."

मी मामीकडे बघितलं. तिने बोटीच्या नारळाला कुंकू लावलं, दुसरा नारळ जवळ ओढला, त्यालाही लावलं आणि मगच करंडा बंद केला.